जोडगोळीचा कोर्स आणि थांबायची तारीख

काखेत आणि जांघेत पुन्हा पुन्हा गळवं येत राहतात असा एक चिवट आजार आहे, हायड्राडेनायटिस सप्युरेटिव्हा. त्याच्या औषधांची चर्चा निघाली की लगेच दोन तट पडतात. एका तटाचं म्हणणं असं की हा जंतुसंसर्ग नव्हेच, प्रतिकारयंत्रणा बिथरल्यामुळे होणारा दाह आहे. मग अँटिबायोटिक कशाला, आणि तीही दोन-दोन एकत्र? दुसरा तट म्हणतो, पू डोळ्यांसमोर वाहतोय, एका गोळीने भागत नाही, तर दोन द्या, तीन द्या, बरं वाटेपर्यंत देत राहा. दोघेही हिरिरीने बोलतात, आणि ‘द्यायचं की नाही’ यापलीकडे दोघांनाही प्रश्न दिसत नाही. माझ्या मते प्रश्नच चुकीचा धरलाय. एकत्रित अँटिबायोटिकना या आजारात जागा आहे. पण ती लवकरच्या टप्प्यात, मोजक्या आठवड्यांपुरती आणि पुढच्या उपचारापर्यंत पोचवण्यापुरती. क्लिंडामायसिन आणि रिफाम्पिसिन ही जी जोडी सवयीने लिहिली जाते, तिला पहिल्या पसंतीच्या जागेवरून उठवायला हवं. आणि कोर्स कधी संपणार, त्यानंतर काय करायचं, हे कागदावर लिहिल्याशिवाय पहिली गोळी देऊच नये.

आधी आजाराबद्दल. काखेतल्या गळवाला आपण काखमांजरी म्हणतो, केसाच्या मुळाशी येणाऱ्याला केसतूड. दोन्ही शब्द येऊन जाणाऱ्या दुखण्याचे आहेत. हा आजार जात नाही. काख, जांघ, नितंब, स्तनांखालची घडी, जिथे कातडीला कातडी घासते तिथे आधी वाटाण्याएवढी खोल गाठ येते, ठणकते, फुटते. ती बसते न बसते तोच शेजारी दुसरी उठते. काही वर्षांत या गाठी कातडीखालून एकमेकींना जोडल्या जातात आणि नासूर तयार होतात. आतून अस्तर धरलेले हे बोगदे. त्यांतून रक्ताळलेला पू झिरपत राहतो. माझ्या मावसबहिणीला हा आजार आहे. केस विंचरताना ती हात वर नेत नाही, मान खाली घालून केस हाताकडे आणते. कित्येक वर्षं मी ते पाहत होतो आणि तिची लकब समजत होतो.

१८३९ साली वेल्पो या फ्रेंच शल्यविशारदाने या गळवांचं वर्णन केलं. १८५४ मध्ये व्हेर्नॉय यांनी त्यांचा संबंध घामाच्या ग्रंथींशी जोडला, आणि आजाराचं नावही त्यावरून पडलं. पुढे सूक्ष्मदर्शकाखाली वेगळंच दिसलं. सुरुवात घामाच्या ग्रंथीत नसते. केसाच्या मुळाचं तोंड बुजतं, ते फुगतं, कातडीच्या आत फुटतं, आणि सांडलेल्या ऐवजावर प्रतिकारयंत्रणा तुटून पडते. नाव मात्र जुनंच राहिलं. ‘सप्युरेटिव्हा’ म्हणजे पू धरणारा. पू म्हटला की जंतू आणि जंतू म्हटला की अँटिबायोटिक, ही साखळी त्या नावातच गुंफलेली आहे.

म्हणूनच पहिल्या तटाची बाजू भक्कम आहे, ती हलक्यात घेता येणार नाही. २०१० मध्ये चिनी कुटुंबांच्या अभ्यासातून दिसलं, की काही घराण्यांत गॅमा-सिक्रेटेज या एन्झाइमच्या जनुकांतला बिघाड हा आजार घेऊन येतो. गळवातला पू तपासायला पाठवला तर पुष्कळदा कातडीवर एरवीही नांदणारे जीवाणूच सापडतात. सगळ्यांत बोलका पुरावा तर औषधाचाच आहे. २०१५ मध्ये या आजारासाठी मान्यता मिळालेलं अडालिमुमॅब हे इंजेक्शन प्रतिकारशक्तीचा एक हात बांधून ठेवतं. आजार निव्वळ संसर्गाचा असता तर त्याने रुग्णाचं बिघडायला हवं होतं. प्रत्यक्षात पुष्कळांचं सुधारतं. शिवाय जुनाट दाहामागे जंतू शोधायचा आणि त्यावर अँटिबायोटिकचा मारा करायचा, या मार्गाने वैद्यकाने आधीही हात पोळून घेतलेत. हृदयाच्या रक्तवाहिन्यांमधल्या दाहाला क्लॅमिडिया न्यूमोनिए हा जीवाणू कारण असावा, असा कयास एके काळी जोरात होता. चार हजारांवर हृदयरुग्णांवर चाचणी झाली. निम्म्यांना वर्षभर दर आठवड्याला अझिथ्रोमायसिन दिलं. २००५ मध्ये निकाल आला, काडीचाही फायदा नाही.

पण इतिहास एकाच बाजूने साक्ष देत नाही. त्याच २००५ साली बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांना नोबेल मिळालं. जठराचा व्रण काळजीने आणि आम्लाने होतो, असं सगळं वैद्यक मानत असताना या दोघांनी १९८२ मध्ये त्यामागचा हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जीवाणू दाखवला. कुणी मानेना म्हणून मार्शल यांनी १९८४ मध्ये तो स्वतः पिऊन पाहिला. आज त्या व्रणावरचा मुख्य उपचार म्हणजे आम्ल कमी करणाऱ्या औषधाबरोबर एकत्र दिलेली अँटिबायोटिक. ‘हा दाह आहे, संसर्ग नाही’ हे वाक्य त्या काळीही तितक्याच ठामपणे उच्चारलं जात होतं. मग आपला आजार कुणासारखा, हृदयासारखा की जठरासारखा?

प्रामाणिकपणे सांगायचं तर दोघांसारखाही नाही. इथे हेलिकोबॅक्टरसारखा एकटा गुन्हेगार सापडलेला नाही आणि सापडेल असं मला वाटत नाही. पण जुन्या नासुरांमध्ये हवेविना वाढणाऱ्या जीवाणूंची दाट वस्ती असते, प्रेव्होटेला आणि पॉर्फिरोमोनास यांच्यासारख्यांची, आणि ते स्वतःभोवती चिकट थर धरून बसतात, हे वारंवार दिसलंय. आग त्यांनी लावलेली नसेल. लागलेल्या आगीत ते तेल ओततात. २०११ मध्ये फ्रान्समधून २८ रुग्णांचा एक अनुभव प्रसिद्ध झाला. त्यांना रिफाम्पिसिन, मॉक्सिफ्लॉक्सासिन आणि मेट्रोनिडाझोल ही तीन औषधं एकत्र दिली होती. (यातही रिफाम्पिसिन आहे, त्याच्याकडे येतोच.) हर्ली यांनी १९८९ मध्ये आजाराच्या तीन पायऱ्या आखून दिल्या, त्यानुसार निकाल मांडलाय: पहिल्या पायरीवरच्या सहापैकी सहा जणांचा दाह पूर्ण गेला, दुसऱ्या पायरीवरच्या दहापैकी आठांचा, तिसऱ्या पायरीवरच्या बारापैकी फक्त दोघांचा. आकडा लहान आहे, तुलनेला दुसरा गट नाही, हे मान्य. तरीही सहात सहा आणि बारात दोन यांच्यामधली दरी मला विसरता येत नाही. तिसऱ्या पायरीवर कातडीखाली बोगद्यांचं जाळं झालेलं असतं. कुठलीही गोळी बोगदा बुजवत नाही. ज्या रुग्णाला औषधाचा उपयोग सर्वांत जास्त, त्याला ‘साधं गळू आहे’ म्हणून घरी पाठवलं जातं. आणि ज्याला उपयोग सर्वांत कमी, त्याच्यावर सगळी अँटिबायोटिक आलटूनपालटून चालवली जातात. हा उलटा न्याय कोणत्या तटाला दिसतो?

आता त्या जोडीकडे. २००६ मध्ये १४ रुग्णांचा एक छोटा अहवाल आला. क्लिंडामायसिन ३०० मिलिग्रॅम आणि रिफाम्पिसिन ३०० मिलिग्रॅम, दोन्ही दिवसातून दोनदा, दहा आठवडे. २००९ मध्ये आणखी काही रुग्णमालिका आल्या, मोठी ११६ रुग्णांची, आणि त्यांतही सुधारणा दिसली. हातात दुसरं काही नव्हतं, रुग्ण विव्हळत होते. जोडी मार्गदर्शक सूचनांत जाऊन बसली. त्यात मी कुणाला दोष देत नाही. पण तिच्याभोवती विश्वासाचं जे वलय आलं ते पुराव्यातून आलेलं नाही, ते क्षयरोगाकडून उसनं घेतलंय. १९४८ मध्ये ब्रिटनमधल्या स्ट्रेप्टोमायसिनच्या गाजलेल्या चाचणीचे निकाल प्रसिद्ध झाले, तिच्यात रुग्ण आधी सुधारले आणि मग त्यातल्या अनेकांच्या छातीतले जंतू त्या औषधाला दाद देईनासे झाले. तिथून वैद्यक शिकलं, की क्षयाला एकटं औषध द्यायचं नाही. कुष्ठरोगात डॅप्सोन एकट्याने वापरल्यावर तोच धडा पुन्हा मिळाला, आणि १९८१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने बहुविध औषधोपचाराची शिफारस केली. तेव्हापासून ‘दोन औषधं म्हणजे सुरक्षित’ हे डोक्यात पक्कं बसलंय. त्यामागची अट मात्र विसरली गेली: दोन्ही औषधं जंतूपर्यंत पुरेशा प्रमाणात पोचली पाहिजेत. एक जंतू पहिल्यातून निसटला तर दुसऱ्याने त्याला गाठायचं असतं. दुसरं तिथे नसेलच, तर?

मी औषधनिर्माणशास्त्र शिकवतो. एका औषधामुळे यकृतातली एन्झाइमं चेतवली जाऊन दुसऱ्या औषधाचा निचरा वाढतो, हा धडा शिकवताना फळ्यावर पहिलं नाव रिफाम्पिसिनचं लिहायचं असतं. आणि क्लिंडामायसिनचा निचरा करतं ते एन्झाइम रिफाम्पिसिन ज्यांना सर्वांत जास्त चेतवतं त्यांपैकीच एक आहे. २०१४ मध्ये याच आजाराच्या रुग्णांच्या रक्तात मोजून पाहिलं, तर रिफाम्पिसिन सोबत असताना क्लिंडामायसिनची पातळी सुमारे नव्वद टक्क्यांनी घसरलेली निघाली. जोडीतला एक दुसऱ्याला खाऊन टाकतो. कागदावर दोन औषधं, शरीरात जवळपास एकटं रिफाम्पिसिन. आणि रिफाम्पिसिन हे असं औषध आहे, की जीवाणूच्या एकाच जनुकातला एक बदल त्याला निकामी करायला पुरतो. ज्या कारणासाठी जोडी जमवली, ते कारणच जोडीने संपवलं. पुढे तुलनाही झाली. २०२१ मध्ये युरोपातल्या २८३ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला; काहींना टेट्रासायक्लिन गटातलं एकच औषध, काहींना ही जोडी, बारा आठवडे. गाठी निम्म्याने कमी होणं हा निकष लावला तर पहिल्या गटात ४० टक्के, दुसऱ्यात ४८ टक्के. फरक योगायोगाच्या कक्षेतलाच. क्लिंडामायसिन एकटं दिलं तरी जोडीच्या तोडीचा गुण येतो, असं लहान तुलनांमधूनही दिसलंय. मग क्षयावरचं मुख्य औषध असलेलं रिफाम्पिसिन इथे कशासाठी खर्ची घालायचं?

यावर उत्तर येतं, की या आजाराचे रुग्ण ते किती आणि क्षयाचे किती. शिवाय ज्याच्या अंगात क्षयाचे जंतूच नाहीत, त्याच्यात क्षयाचे प्रतिरोधी, म्हणजे औषधाला दाद न देणारे, जंतू कुठून येणार? मुद्दा बिनतोड वाटतो आणि बऱ्याच अंशी बरोबरही आहे. पण ‘ज्याच्या अंगात नाहीत’ हे कोणी तपासलं? क्षयाची एक तऱ्हा कातडीला होते. काखेतल्या किंवा मानेतल्या गाठी फुटून तिथे नासूर होतात, आणि वरून पाहता ते या आजाराच्या नासुरांसारखे दिसू शकतात. अशा माणसाला आपण दहा आठवडे जवळजवळ एकटं रिफाम्पिसिन दिलं, तर १९४८ चीच चूक पुन्हा करतो आहोत, आणि गाठी थोड्या बसल्या म्हणून निदान बरोबर होतं असंही समजतो आहोत. आणखी एक गोष्ट, जी औषध लिहून देताना सांगायची राहूनच जाते. युरोप-अमेरिकेतल्या नोंदींनुसार या आजारात बायका पुरुषांच्या तिप्पट, आणि बहुतेक ऐन तारुण्यातल्या. रिफाम्पिसिनमुळे गर्भनिरोधक गोळ्यांचाही निचरा वाढतो आणि त्या बेभरवशाच्या होतात. लघवी आणि डोळ्यांतलं पाणी केशरी होतं एवढं सांगितलं जातं, कारण ते पाहून रुग्ण घाबरतो. जे दिसत नाही ते सांगायला वेळ नसतो.

इतकं लिहिल्यावर पहिल्या तटाला वाटेल, की मी त्यांच्याच पंगतीला येऊन बसलो. नाही. त्यांच्यावर माझा राग जास्त आहे, आणि त्याचं कारण माझ्या मावसबहिणीच्या फाइलमध्ये आहे. निदान होईपर्यंतची तिची सगळी कागदपत्रं एका दुपारी आम्ही तारखेने लावली. नऊ वर्षांत एकोणीस चिठ्ठ्या. अमॉक्सिसिलिन पाच दिवस, सेफिक्सिम पाच दिवस, पुन्हा अमॉक्सिसिलिन सात दिवस, मध्ये तीनदा चीर देऊन पू काढलेला. प्रत्येक कागदावर ‘गळू’ एवढंच, आणि एकाही कागदाला आधीच्या कागदाची खबर नाही. “दादा, मला वाटायचं मीच अस्वच्छ आहे,” ती म्हणाली, आणि दिवसातून तीनदा जंतुनाशक साबणाने घासून घासून कातडी सोलवटायची ते सांगितलं. ती एकटी नाही. २०१५ च्या एका आंतरराष्ट्रीय अभ्यासात पहिल्या लक्षणापासून निदानापर्यंत या आजारात सरासरी सात वर्षांवर काळ गेलेला दिसला. सोरायसिसमध्ये तोच काळ दीडेक वर्षाचा होता. या सात वर्षांत जी अँटिबायोटिक पोटात जातात, त्यांचा हिशोब कुठल्या तटाने मांडलाय? अँटिबायोटिकची नासाडी खरी होते ती इथे, अर्धवट, बिननिदानाच्या, पाच-पाच दिवसांच्या तुकड्यांमध्ये. आणि आठव्या-नवव्या वर्षी, निदान झाल्यावर, पहिल्यांदाच कुणी आखीव कोर्सचा विचार करतं, तेव्हा ‘प्रतिरोध वाढेल हो’ म्हणून त्याच रुग्णाला जबाबदारीचे धडे दिले जातात. पेनिसिलिनचा शोध लावणाऱ्या फ्लेमिंग यांनी १९४५ च्या नोबेल भाषणात अपुऱ्या मात्रेचा जो धोका सांगितला होता, तो तिच्या हातून घडलेला नव्हता. तिच्यावर घडला होता.

‘सरळ जैविक औषधं, म्हणजे अडालिमुमॅबसारखी इंजेक्शनं, द्या’ हे म्हणणंही तितकं सरळ नाही. अडालिमुमॅबच्या दोन मोठ्या चाचण्या २०१६ मध्ये प्रसिद्ध झाल्या. बारा आठवड्यांनी गाठी निम्म्याने घटलेले रुग्ण एकीत ४२ टक्के, दुसरीत ५९ टक्के. २०२३ आणि २०२४ मध्ये सेक्युकिनुमॅब व बिमेकिझुमॅब यांची भर पडली. ही औषधं मला हवी आहेत, अधिक रुग्णांना आणि लवकर. पण ती महाग आहेत, सगळ्यांना लागू पडत नाहीत, सुरू करण्याआधी क्षयाची तपासणी लागते, मंजुरी मिळेपर्यंत महिने जातात. ज्याला आज बसता येत नाही, त्याने ते महिने कसे काढायचे? त्याच चाचण्यांमधला दुसरा आकडा मात्र अँटिबायोटिकच्या भक्तांनी डोळ्यांसमोर ठेवावा. ज्यांना नुसती बिनऔषधी सुई टोचली, त्यांच्यातही एकीत २६ आणि दुसरीत २८ टक्के जणांनी हाच निकष पुरा केला. हा आजार भरती-ओहोटीचा आहे. माणूस दवाखान्यात येतो तो भरतीच्या दिवशी. पुढचे काही आठवडे काहीही दिलं तरी थोडी ओहोटी येणारच. म्हणून तुलनेच्या गटाविना ‘जोडीने गुण आला’ हे ऐकलं, की त्यातून हा पाव हिस्सा आधी वजा करायला हवा.

मग करायचं काय? सौम्य आजारात आधी टेट्रासायक्लिन गटातलं एक औषध, जास्तीत जास्त बारा आठवडे. हे औषध जंतूंवर चालतं तसंच दाहावरही चालतं, त्यामुळे ‘संसर्ग नाही तर अँटिबायोटिक का’ या आक्षेपाला इथे निम्मं उत्तर मिळतं. सुरुवातीला गाठी मोजायच्या, नासूर मोजायचे, शेवटी पुन्हा मोजायचे. ‘बरं वाटतंय’ हे माप पुरेसं नाही. त्याने भागलं नाही आणि आजार अजून पहिल्या-दुसऱ्या पायरीवर असेल, तर एकत्रित कोर्स, पण एकमेकांना न खाणाऱ्या औषधांचा. रिफाम्पिसिन वापरायचंच असेल तर आधी क्षय नाही याची खात्री, आणि का वापरतोय याचं लेखी कारण. तिसऱ्या पायरीवर अँटिबायोटिकचं काम एकच, दाह उतरवून शस्त्रक्रियेसाठी जागा करून देणं. शिरेतून सहा आठवडे एर्टापेनेम देऊन नेमकं हेच साधल्याचा ३० रुग्णांचा अनुभव फ्रान्समधूनच आलेला आहे. एर्टापेनेम हे राखून ठेवायचं औषध आहे, आणि मागे ठरलेली शस्त्रक्रिया नसेल तर ते या आजारात सुरू करायचा कुणालाही अधिकार नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. नासुराचं छत काढून तो उघडा करणं, तळ तसाच ठेवून वरून भरू देणं, ही शस्त्रक्रिया पुष्कळदा जागा बधिर करूनही होते. ती शेवटचा उपाय म्हणून का लोंबकळत ठेवली जाते, हे मला आजवर कळलेलं नाही. वजन आणि धूम्रपान यांचा या आजाराशी संबंध आहे. ते सांगावं, मदत करावी, पण ‘आधी वजन उतरवा, मग बघू’ म्हणून औषध अडवून धरू नये. जांघेत नासूर असलेल्या माणसाला चालायला सांगणं सोपं आहे.

मावसबहिणीच्या फाइलमधलं विसावं पान वेगळं आहे. तिला हा आजार आहे हे ओळखणाऱ्या त्वचारोगतज्ज्ञ बाईंनी त्यावर दोन्ही काखांचं रेखाचित्र काढलंय. डावीकडे सात गाठी, एक नासूर. उजवीकडे चार गाठी. खाली दोन अँटिबायोटिक, त्यांत रिफाम्पिसिन नाही, आणि ‘सहा आठवडे, त्यानंतर बंद’ असं लिहून त्यापुढे तारीख. त्या तारखेला आम्ही गेलो तेव्हा त्याच पानावर त्यांनी दुसरं चित्र काढलं. डावीकडे तीन गाठी, उजवीकडे एक. नासूर होता तिथेच, तेवढाच. बहिणीने विचारलं, “बरं वाटतंय, आणखी महिनाभर घेऊ का?” बाईंनी नकार दिला आणि पानाच्या तळाशी बोट ठेवलं. नासुराचं छत काढायचा दिवस तिथे आधीच लिहिलेला होता, पहिल्या भेटीच्याच शाईत.